कार्डावरचं खालचं नाव

ग्रंथपालांनी आयुष्यात आलेल्या झाडून सगळ्या पत्रांना उत्तरं दिली होती, एक सोडून. ते पत्र तीन वर्षांपूर्वी आलं होतं, वहीच्या दोन आखीव पानांवर लिहिलेलं. ते त्यांनी शब्दकोशाच्या जाडजूड खंडात ठेवून दिलं होतं. फेकवत नव्हतं, वाचवतही नव्हतं. तसं ते पाठच झालं होतं.

पत्र रुग्णालयातल्या एका नर्सबाईंचं होतं. ‘काका, तुम्ही मला चेहऱ्यानं ओळखाल. दर गुरुवारी ड्यूटी संपली की मी पुस्तक बदलायला येते. पाच महिने झाले, एक माणूस माझ्या मागावर आहे. मी परत केलेलं पुस्तक तो नेतो आणि बसथांब्यावर माझ्या मागे उभा राहून त्यातली वाक्यं म्हणतो. हात लावत नाही, वाईट बोलत नाही. ठाण्यात म्हणाले, पुस्तक वाचणं हा काही गुन्हा नाही. मी गुरुवारी येते हे त्याला कुणी सांगितलं? त्यानं तुमच्याकडे माझी चौकशी केली असेल, तर तेवढं दोन ओळींत लिहून द्या. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.’

त्या दोन ओळी ग्रंथपालांच्या हातून उतरल्या नाहीत, कारण गुरुवार सांगणारे तेच होते.

वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कागदाचा खिसा, खिशात कार्ड आणि कार्डावर पुस्तक नेणाऱ्याचं नाव नि नेल्या-परतीच्या तारखा. इतर वाचनालयांत नुसता सभासद क्रमांक लिहीत. नाव लिहायची टूम ग्रंथपालांची. पुस्तक कुणाकुणाच्या हातांतून आलं हे वाचणाऱ्याला कळावं, असं त्यांना वाटे, आणि या कल्पनेचा त्यांना कोण अभिमान होता. नर्सबाईंच्या नावाखाली एकच नाव पुन्हा पुन्हा दिसायला लागलं तेव्हा त्यांना शंका आली नाही, गंमत वाटली. चाळीस वर्षं कादंबऱ्यांत बुडालेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? शिवाय तो माणूस होताही तसा. पायपुसण्यावर बूट पुसून आत यायचा, हळू बोलायचा, पुस्तक परत करायला एक दिवस उशीर नाही. ग्रंथपालांनी मनातल्या मनात त्याला ‘वक्तशीर’ म्हणायला सुरुवात केली होती. एकदा त्यानं सहज विचारलं, “त्या बाई हल्ली दिसत नाहीत?” आणि ग्रंथपाल गालातल्या गालात हसून म्हणाले, “गुरुवारी या. साडेपाचला.”

उत्तर लिहायचं म्हणजे हे लिहायचं. ते उद्यावर ढकलत राहिले. दोन महिन्यांनी कळलं की नर्सबाईंनी नोकरी सोडली, गावही सोडलं. वक्तशीरही यायचा बंद झाला. ग्रंथपालांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून लाजही वाटली.

पुढे ते निवृत्त झाले. तरी आठवड्यातून तीन दुपारी वाचनालयाच्या मागच्या टेबलाशी बसून सुटलेल्या पुस्तकांची बांधणी करायचे. अशाच एका दुपारी प्रवासवर्णनाचं एक पुस्तक हातात आलं. कणा निखळला होता. कार्ड बाजूला ठेवायला काढलं, तर त्यावर एका बाईचं नाव आणि खाली, तिनं पुस्तक परत केल्याच्या बरोबर दुसऱ्या दिवशी, वक्तशीरचं.

खळीचे हात तसेच घेऊन ते उठले. एका कपाटापासून दुसऱ्या कपाटाकडे जात त्यांनी ओळीनं कार्डं काढून पाहिली. पाच पुस्तकांवर तीच दोन नावं, एकाखाली एक. बाईंच्या सगळ्या तारखा मंगळवारच्या होत्या. या वेळी वक्तशीरला कुणाला काही विचारायचीसुद्धा गरज पडली नव्हती, कार्डावरच्या तारखाच पुरे होत्या.

घरी थोरली बहीण होती. ताईची जीभ तिखट आणि कान त्याहून.

“काय झालं? चेहरा असा का उतरलाय?”

त्यांनी शब्दकोश आणला, पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. ताईनं ते दोनदा वाचलं.

“तीन वर्षं? आणि तू शब्दकोश उघडून बसलास की मला वाटायचं, हा शब्द शोधतोय.”

“मला वाटलं प्रेमप्रकरण असेल.”

“तुला वाटलं. तिला विचारलंस?”

ग्रंथपालांनी शब्दकोश मिटला.

“मी नोकरीला जायचे तेव्हा पर्समध्ये दाभण असायचं. एकोणीस वर्षं. ठाऊक होतं तुला?”

त्यांना ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं दोघं एकाच ताटलीत पोळी मोडून खात होते, आणि ठाऊक नव्हतं.

मंगळवारी त्यांनी त्या बाईंना गाठलं. तिशीतल्या, मोजणी कार्यालयात नकाशे काढणाऱ्या, केसांत पेन्सिल खोचलेली. ग्रंथपालांनी अडखळत कार्डं दाखवली. त्यांना वाटलं होतं, ती घाबरेल. नकाशेवालीनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला.

“करडा शर्ट, बाहीला बटण लावलेलं, खिशात नाणी वाजतात. हाच ना?”

कागदावर वाचनालय होतं, बसथांबा होता, धोब्याचं दुकान होतं, तिची गल्ली होती. मधेमधे बारीक फुल्या आणि प्रत्येक फुलीशेजारी तारीख, वेळ.

“थांब्यावर तीनदा. धोब्यापाशी दोनदा. काल आमच्या ऑफिसच्या जिन्यात. फुल्या बघा काका, घराकडे सरकतायत.”

ग्रंथपालांनी शेवटच्या फुलीवर बोट ठेवलं. “मग तुम्ही इथे येता कशाला, बाई?”

“म्हणजे मी वाचायचं सोडू?” ती शांतपणे म्हणाली. “रस्ते बदलते. दुकानांच्या काचांत मागचं बघते. ऑफिसात दोघींना सांगून ठेवलंय. रविवारी स्वसंरक्षणाच्या वर्गाला जाते. आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आधी आवाज, हात मागाहून. आणि नुसतं किंचाळायचं नाही, लोकांना काय चाललंय ते कळेल असं बोलायचं.” तिनं कागदाची घडी घातली. “पण नकाशा माझा मीच काढलाय. ठाण्यात म्हणतील, फुल्या कुणीही मारेल. तुम्ही लिहून द्याल?”

“बघतो,” ग्रंथपाल म्हणाले.

तोंडातून शब्द सुटला आणि त्यांना तो ओळखीचा वाटला. तीन वर्षांपूर्वी ते स्वतःशी हेच म्हणत होते.

“बघा,” ती म्हणाली आणि पुस्तक बदलून गेली.

आठवडाभर त्यांनी कागद पुढे घेतला आणि बाजूला सारला. उगीच एखाद्यावर आळ तर येणार नाही? आपण म्हातारे, आपली आठवण ती काय. पुढच्या मंगळवारी वाचनकक्षात पंधरावीस माणसं मान खाली घालून बसली होती. ग्रंथपाल मागच्या टेबलाशी होते. दोन कपाटांमधल्या बोळातून त्यांना नाण्यांचा बारीक आवाज ऐकू आला.

नकाशेवाली बोळाच्या आतल्या टोकाला होती. त्या टोकाला भिंत. वक्तशीर बोळाच्या तोंडाशी उभा होता, हातात उघडलेलं पुस्तक, आणि मंद आवाजात काहीतरी वाचत होता. वाचता वाचता तो एकेक पाऊल आत सरकत होता.

“करड्या शर्टातले गृहस्थ,” नकाशेवालीचा आवाज सबंध दालनात गेला, “तुम्ही माझी वाट अडवली आहे. मी तुम्हाला ओळखत नाही. मागे व्हा.”

तिनं एक पाऊल मागे टेकवलं होतं आणि दोन्ही पंजे उघडून छातीपुढे धरले होते. सगळ्या माना वर झाल्या. त्या दालनात एवढ्या मोठ्यानं आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं असतं तर ग्रंथपालांनीच गप्प केलं असतं.

वक्तशीरनं पुस्तक मिटलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय,” तो लोकांकडे वळून म्हणाला. “माझं इथे जुनं येणंजाणं आहे. काका, तुम्ही सांगा. तुम्ही मला ओळखता.”

आता दालनातली सगळी माणसं ग्रंथपालांकडे बघत होती. एकानं तर हसून मान डोलावलीही, चला, मिटलं, अशी.  टेबलाची कड धरून ग्रंथपाल उभे राहिले.

“ओळखतो,” ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. “या बाई जे पुस्तक परत करतात ते दुसऱ्या दिवशी तुम्ही नेता. पाच पुस्तकं. कार्डं माझ्याकडे आहेत. आणि तीन वर्षांपूर्वी एक नर्सबाई होत्या. त्यांची चौकशी तुम्ही माझ्याजवळ केली होती. मी सांगितलंही होतं. ते मी लिहून देणार आहे.”

 दाराजवळच्या दोन बायका उठून नकाशेवालीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. वक्तशीरनं पुस्तक कपाटात, होतं त्याच जागी, नीट ठेवलं. जाताना तो टेबलाशी वाकला आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या जिन्यातला दिवा गेलाय, काका. ताईंना जपून उतरायला सांगा.”

दिवा परवाच गेला होता. पण बहिणीला घरात ‘ताई’ म्हणतात हे त्याला कसं ठाऊक, ते ग्रंथपालांना बराच वेळ उमगलं नाही. उमगलं ते असं, की तो त्यांच्या जिन्यात येऊन, कान देऊन गेला होता. आणि त्यांच्या लक्षात आलं, की नर्सबाईंनी हे पाच महिने सोसलं होतं.

त्यांनी आधी नकाशेवालीला दोन ओळी सहीनिशी दिल्या. जिन्यातल्या दिव्याचंही सांगितलं. तिनं त्यांच्या गल्लीचा कोपरा कागदावर काढून तिथे एक फुली मारली. मग त्या दोघी बायकांना घेऊन ती ठाण्याकडे निघाली. “तिथे नोंद होईल,” ती म्हणाली. “पुढचं काही मी धरून चालत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालांनी नर्सबाईंना लिहायला घेतलं. दीड पान झालं तेव्हा ताईनं कागद ओढून घेतला.

“नुसती माफीच माफी. तिला तुझ्या माफीचं काय करायचंय? आधी गुरुवार लिही.”

त्यांनी नवा कागद घेतला. ‘तुमचा गुरुवार मी सांगितला. त्यानं माझ्याजवळ तुमची चौकशी केली होती. तुम्ही खरं बोलत होता. तो परत आला आहे, आता दुसऱ्या एका बाईंच्या मागावर. त्यांनी तक्रार दिली आहे. तुमचं पत्र आम्ही ठाण्यात दाखवावं की नाही, हे तुम्ही सांगाल तसं. नाही म्हणालात तर दाखवणार नाही.’ माफी शेवटी, एका ओळीत.

जुन्या पत्राखाली उत्तरासाठी नर्सबाईंच्या बहिणीचा पत्ता होता. तिथे पोचेल की नाही, कुणास ठाऊक. ग्रंथपालांनी पाकीट चिकटवलं, ताईला दाराला आतून कडी घालायला सांगितली आणि ते बाहेर पडले. नेहमीच्या गल्लीनं न जाता मोठ्या रस्त्यानं गेले. चष्म्याच्या दुकानाच्या काचेत त्यांनी मागचं पाहिलं. पलीकडच्या पदपथावर एक करडा शर्ट होता. तोच की दुसऱ्या कुणाचा, काचेत कळेना. ते थांबले नाहीत. टपालपेटीपाशी पोचून त्यांनी पाकीट आत सारलं आणि ते तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत हात काढला नाही.