सोळा पारे

माझ्या अम्मानं, हमीदाबी मुल्लाणीनं, सदर बाजारातल्या दोन पिढ्यांना कुरआन वाचायला शिकवलं आणि तिच्या पोटच्या दोघांना मात्र धड वाचता येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कुरआनाचे तीस भाग असतात, त्यांना आम्ही पारे म्हणतो. धाकटा भाऊ सिकंदर पहिल्याच पाऱ्यात पळाला. मी तिसऱ्यापर्यंत रेटलं आणि सोडलं.

अम्माला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दहाव्या दिवशी हॉस्पिटलवाल्यांनी घरी न्यायला सांगितलं. या सांगण्याचा अर्थ शहाण्याला समजावून सांगावा लागत नाही. दिवसभर बघायला क्रांती म्हणून एक नर्स ठेवली, गारगोटीकडची, कमी बोलणारी.

सिकंदर सौदीला. त्याला गुरुवारचं तिकीट मिळालं. फोनवर रडायला लागला. "आपा, मी पोचेन न पोचेन. अम्माच्या कानावर एक खतम पडू दे. पुरा. लोकांच्या मयतीत जन्मभर तिनं वाचलं, तिच्यासाठी एवढं तरी."

खतम म्हणजे पहिल्या पाऱ्यापासून तिसाव्यापर्यंत, एक अक्षर न गाळता.

"मग तू ये अन् वाच," मी म्हणाले. मग मलाच वाईट वाटलं आणि मी शब्द देऊन बसले.

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आम्ही तिघी दहा-दहा पारे वाटून घेतो, उद्यापर्यंत होईल. पण तसं वाचणं ज्याच्या त्याच्या तोंडातल्या तोंडात चालतं, अम्माला काय ऐकू येणार? हे मी त्यांना सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. हमीदाबीच्या लेकीला स्वतःला वाचता येत नाही, हे त्यांच्यासमोर उघडं पडायला मला नको होतं.

म्हणून मोबाईल. एका कारीसाहेबांचं, म्हणजे कुरआन पठण करणाऱ्यांचं, रेकॉर्डिंग मिळालं, संथ, एकेक शब्द सुटा. एक पारा साधारण तासाचा. सोमवारी सकाळी उशीजवळ मोबाईल ठेवला आणि सुरू केलं. अम्मा झोपली की बंद, डोळे उघडले की चालू. मंगळवार संध्याकाळपर्यंत चौदा पारे झाले. तिचा डावा हात तेवढा पांघरुणावर चुळबुळत असायचा. डॉक्टर म्हणाले होते, अशी हालचाल आपोआप होते, त्यात अर्थ शोधू नका. मी शोधला नाही.

बुधवारी सकाळी श्वास बदलला. छातीत घरघर सुरू झाली. घरी येणारे डॉक्टर बाहेर पडताना चपला घालत म्हणाले, "आजचा दिवस."

सोळा पारे राहिले होते. सोळा तास. मी शाहूपुरीत कुरिअरच्या ऑफिसात एकवीस वर्षं काढली आहेत. माल वेळेत पोचला पाहिजे, मग तो कसा पोचला हे कुणी विचारत नाही. व्हॉट्सॲपवरचे लांबलचक निरोप मी दुप्पट वेगानंच ऐकते. मोबाईलवर वेग वाढवायची सोय होतीच. दुपटीनं आठ तास.

तरी मन खात नव्हतं असं नाही. मशिदीतल्या मौलानांना फोन केला. ते म्हणाले, "हर्फ न् हर्फ साफ कळत असेल तर ऐकायला हरकत नाही. पण घाई कशाची, बेटी? खतम फर्ज थोडाच आहे, केलाच पाहिजे असा? एक यासीन शांतपणे ऐकवा, पुष्कळ झालं." यासीन म्हणजे मरणाऱ्याजवळ वाचतात तो कुरआनातला अध्याय. मी 'हरकत नाही' एवढं उचललं आणि फोन ठेवला.

पंधरावा पारा दुपटीनं लावला. कारीसाहेबांचा आवाज बारीक झाला, शब्द एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. अम्मानं डोळे टक्क उघडले. डावा हात भराभर हलायला लागला, मग थांबला, मग पुन्हा. घशातून आवाज येऊ लागला. मी म्हटलं, शेवटची तगमग असेल.

"ताई," क्रांती म्हणाली, "जरा हळू लावा की. त्यास्नी जमंना झालंय."

"काय जमंना? तुला काय कळतंय यातलं?"

ती अम्माचं पांघरूण सारखं करायला लागली. सतरावा पारा चालू असताना अम्मानं हात उचलला आणि मोबाईलला असा फटका मारला की तो पलंगाखाली गेला. मी उचलून पुन्हा लावला. तिनं पुन्हा मारला. मला राग आला. तुझ्यासाठीच चाललंय ना हे, असं मी मरणाऱ्या आईला ओरडून म्हणाले. मग डॉक्टरांना फोन लावला, झोपेचं इंजेक्शन देऊ का म्हणून.

"फार त्रास होतोय का त्यांना?" त्यांनी विचारलं. "नसेल तर कशाला?"

"होतोय," मी म्हणाले.

क्रांतीनं इंजेक्शन दिलं. हात पांघरुणावर पडला तो पडलाच. पुढं काही अडथळा आला नाही. साडेचारला तिसावा पारा संपला. मी सिकंदरला निरोप टाकला: खतम पुरा झाला. खरं सांगते, त्या क्षणी माझा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदा अम्माचं काहीतरी मी शेवटाला नेलं होतं.

क्रांती अम्माचा हात पुसत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सोमवारपासनं बघतोय मी. आवाज लांबला की ह्या एकेक बोट दुमडायच्या. आवाज थांबला की सोडायच्या. कधी दोन, कधी चार. चुकत नव्हत्या. तुम्ही पळवाय लागलासा आन् त्यांचा मेळच बसंना. म्हणून म्हटलं हळू लावा."

मी खाटेच्या कडेला बसले. कुरआन वाचताना काही अक्षरं लांबवायची असतात, कुठं दोन मात्रा, कुठं चार, कुठं सहा. ते माप अम्मा बोटं दुमडून शिकवायची. पोरांच्या डोळ्यांपुढं हात धरायची आणि बोट मिटल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही. मी नेहमी दोन बोटांतच पुढं पळायची. त्यावरूनच आमचं बिनसलं होतं.

म्हणजे वाचा गेली, अंग गेलं, तरी दोन दिवस ती वाचत होती. चौदा पारे तिनं एका हातानं वाचले. पंधराव्यापासून मी तिला वाचू दिलं नाही आणि तिनं अडवलं तेव्हा झोपवून टाकलं.

"इंजेक्शन कधी उतरतंय?" मी विचारलं.

"अजून चार-पाच तास तरी. पण आता त्यांचं..."

मी पंधरावा पारा पुन्हा लावला, मूळच्या वेगानं. अम्माचा हात माझ्या हातात उघडा धरला. कारीसाहेब शब्द लांबवत होते आणि मी बोटांकडं बघत होते. एकही दुमडलं नाही. पंधरावा संपला. सोळावा अर्ध्यावर असताना, सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानच्या थोडं आधी, घरघर थांबली.

सिकंदर गुरुवारी पोचला. दफन करून आल्यावर अंगणात खुर्च्या मांडलेल्या, त्यात येऊन बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, अम्मा पुरा खतम ऐकून गेली. माझ्या आपानं करून दाखवलं.

मी त्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. बोटांचं, फटक्याचं, इंजेक्शनचं. काही लपवलं नाही.

"आपा," तो म्हणाला, "हे तू तुझ्यापाशीच ठेवायला पाहिजे होतंस."

तोंडावर पाणी मारून तो बाहेर गेला. तेवढ्यात गल्लीतल्या बायका आल्या, अम्माच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनाही त्यानं तेच सांगितलं, तीसच्या तीस पारे अम्मानं ऐकले. "नशीबवान बाई," त्यांच्यातली थोरली म्हणाली आणि माझा हात हातात घेऊन विचारलं, "शेवटपर्यंत ऐकत होत्या ना गं?"

सिकंदर माझ्याकडं बघत होता.

"हो," मी म्हणाले. "शेवटपर्यंत."