आत्याबाईंची वाकडी मान

मित्रांनो, माझी मान वाकडी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुजबुज नको. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले एक जुने, काळ्या लोखंडाचे यंत्र आहे. कारखान्यातून येताना माझे नाव मायक्रोटोम होते, पण ते इथे कोणाच्या तोंडी बसले नाही. चाक फिरवले की मी थोडी कुरकुरते, म्हणून सगळे मला आत्याबाई म्हणू लागले.

माझे काम कापण्याचे. शस्त्रक्रियेत काढलेला आजारी तुकडा मेणात बसवतात. ती मेणाची वडी माझ्या चिमट्यात आवळायची आणि चाक फिरवायचे. वडी पात्यावरून खाली सरकते आणि केसाहून पातळ काप निघतो. कापाला काप चिकटून त्यांची फीत होते. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेवर उचलायची, रंगवायची. मग डॉक्टर ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजार ओळखतात. उरलेली वडी तळघरात जपून ठेवतात.

मला चालवणारी बाई नोकरीला लागली तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. आता सगळे तिला काकू म्हणतात. तिच्या पहिल्याच वर्षी फळीवरून एक पेटी माझ्यावर पडली आणि चिमट्याचा, म्हणजे माझ्या मानेचा, स्क्रू वाकून अडकला. मिस्त्री म्हणाला, "मान आता कायमची तिरकी राहणार."

"कापते ना नीट? मग राहू दे," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंचीही तिरकीच आहे, पण घर कसं चोख चालवतात!"

तेव्हापासून माझ्याकडची प्रत्येक वडी किंचित तिरकी कापली गेली. त्याने कोणाचे काही बिघडले नाही. ते माझे भरभराटीचे दिवस होते. सकाळपासून चाक थांबत नसे. मोठमोठे डॉक्टर काचा उजेडात धरून म्हणत, "वा, काय काप आहेत!" कौतुक काकूचे होई, पण थोडे माझ्याही वाट्याला येई.

पुढे विजेवर चालणारे नवे यंत्र आले आणि मी खिडकीखाली गेले. माझ्या चाकाला कोणीतरी ॲप्रन अडकवू लागले. खुंटी म्हणून मी बरी होते. धूळ बसत राहिली.

एके दिवशी आमच्या संशोधक डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी दोन भावंडे येऊन बसली. मोठ्या आतड्याचा कर्करोग काही घराण्यांत पुन्हा पुन्हा का होतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. या भावंडांचे वडील त्याच आजाराने गेले होते, आणि भाऊ आता नेमका वडील गेले त्या वयाला आला होता. बहिणीने स्वतःची दुर्बिणीची तपासणी करून घेतली होती आणि ती स्वच्छ निघाली होती. भाऊ मात्र ऐकत नव्हता.

"ताई, बाबांचं खाण्यापिण्याला काही धरबंध होता का? मी रोज पळायला जातो. मला काय धाड भरलीय?"

"तुला नाही भरली, मला भरलीय! रात्र रात्र झोप नाही मला. मॅडम, याच्या डोक्यात शिरेल असं काहीतरी दाखवा हो."

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "पेशींमध्ये चुका दुरुस्त करणारी काही प्रथिनं असतात. एखादं जन्मापासून सदोष असलं, तर हा रोग लवकर होऊ शकतो. वडिलांची शस्त्रक्रिया इथेच झाली होती. त्यांची वडी मिळाली तर तपासता येईल."

वडी तळघरात मिळाली, पण पूर्वीच इतक्या वेळा कापलेली की मेणात आजारी भागाचा नुसता पापुद्रा उरला होता. काकूने ती नव्या यंत्राजवळ नेली. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला.

"थांबा काकू. हिचा पृष्ठभाग तिरका आहे. या यंत्रावर तो आधी सपाट करावा लागेल, आणि त्यातच सगळं निघून जाईल."

काकूने वडी डोळ्यांपाशी नेली आणि हसली. "मॅडम, ही आत्याबाईंची वडी. त्यांचा तिरकेपणा मी कुठेही ओळखीन."

ॲप्रन निघाला, धूळ पुसली गेली, चाकात तेल पडले, नवे पाते बसले. काकूने वडी बर्फावर थंड केली. "पंखा बंद करा, आणि कोणी शिंकू नका!" वडी माझ्या चिमट्यात जुन्या जागी बसली, तिरक्याला तिरकी जुळली. चाक फिरले. पहिल्याच फेरीला पुरता काप निघाला, मग दुसरा, मग आणखी थोडे. त्यानंतर नुसते मेण आले.

पुन्हा एकदा भावंडे आली. डॉक्टरीणबाईंनी भावाला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. "कडेच्या निरोगी पेशी तपकिरी दिसतात ना? ते प्रथिन असलं की हा रंग तपकिरी होतो, म्हणजे त्यांच्यात ते आहे. मधल्या कर्करोगाच्या पेशी नुसत्या निळ्या आहेत, त्यांच्यात ते नाही. दोष बहुधा घराण्यातला आहे. तुमच्यात उतरला असेलच असं नाही, पण पाहायला हवं."

तो बराच वेळ पाहत राहिला. "इतक्या वर्षांनी बाबा भेटले," तो शेवटी म्हणाला, "आणि तेही निळे." मग त्याने चष्मा पुसला. "ताई, कधी यायचं तपासणीला?"

दुर्बिणीतून त्याच्या आतड्यात एक गाठ सापडली आणि तिथल्या तिथे काढली गेली. तिची वडी काकूने हट्टाने माझ्याच चिमट्यात लावली. गाठ वाईट वळणाला लागली होती, पण अजून कर्करोग झालेला नव्हता. आता त्याला ठरल्या वेळी तपासणीला यावे लागते. आला की तो खिडकीखाली डोकावतो आणि मान वाकडी करून मला नमस्कार करतो. काकू त्याला दटावते, पण हसू तिलाही आवरत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात पूर्वी कोणाला काय आजार झाला होता, ते मोठ्यांना विचारा, आणि डॉक्टरांना सांगायला लाजू नका. माझ्यासाठी फार काही मागत नाही. अधूनमधून चाकात थोडे तेल घाला, धूळ पुसा. मान मात्र कोणी सरळ करू नका. तळघरात अजून पुष्कळ वड्या आहेत, माझ्यासारख्याच तिरक्या.