श्यामरावांनी पाडलेले आटे

सकाळी दहाच्या सुमारास ठेकेदाराची काळी ऑस्टिन गाडी भिलाईतल्या पावर हाउस बाजारामागच्या गल्लीत शिरली, तेव्हा देवाजी एका ट्रकचं चाक चढवत होता. त्यानं मान वर केली नाही. आवाजावरूनच त्यानं गाडी ओळखली. अडतीस सालची ती गाडी ठेकेदारानं एका जमीनदाराकडून हौसेनं घेतली होती, आणि तिचं इंजिन देवाजीनं स्वतः दोनदा खोलून बांधलं होतं. गाडी थांबली, दार उघडलं, पांढऱ्याशुभ्र पँटीतले दोन पाय खाली उतरले. तेव्हा मात्र देवाजीच्या हातातला पाना थबकला.

श्यामराव. तीन वर्षांनी.

अठ्ठावन्न साली, भिलाईत पोलाद कारखान्याच्या पहिल्या भट्टीचं काम जोरात असताना, देवाजी याच ठेकेदाराच्या मोटार गॅरेजात मिस्त्री होता. आमगावकडची शेती भावावर सोपवून आलेला, हाताचा पक्का माणूस. श्यामराव तिथले फोरमन. लिहिणं-बोलणं उत्तम, साहेबलोकांत वावर, पण गाडीखाली शिरलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. एका सकाळी राजहऱ्याच्या खाणीकडे जीप जायची होती. देवाजीनं तेल बदललं, इंजिनाच्या तळाचा तेलाचा प्लग हिशेबानं आवळला आणि तो दुसऱ्या कामाला लागला. जीपमधून जाणारा मोठा इंजिनिअर समोर उभा होता, म्हणून श्यामरावांनी ‘मी स्वतः एकदा पाहतो’ म्हणत पान्याला लांब पाइप अडकवून तोच प्लग जोर लावून आवळला. बालोदच्या अलीकडे प्लग निखळून पडला, तेल सगळं रस्त्यावर, इंजिन जाम. ओढून आणलेल्या जीपच्या प्लगच्या भोकात देवाजीला सुतळीचा गुंता सापडला. आटे खाल्ले गेले होते आणि ते झाकायला कोणीतरी प्लगला सुतळी गुंडाळून तो तसाच कोंबला होता. देवाजी ती सुतळी घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. कोणी पाहिली नाही. श्यामरावांचा रिपोर्ट तोवर वर गेला होता.

त्याच आठवड्यात नोकरी गेली, कॅम्पातली खोली गेली. दुसऱ्या ठेकेदारांकडे जावं तर रिपोर्ट आधीच पोचलेला. ड्रायव्हर लोक त्याला ‘गळका देवाजी’ म्हणू लागले. घर चालावं म्हणून त्याची बायको मैनाबाई सेक्टर सहाच्या क्वार्टरांवर विटा वाहायला गेली. तिथं बांधकामाच्या बांबूंच्या पाडावरून पडली. उजवं मनगट वाकडंच बसलं.

आता तेच श्यामराव त्याच्या चार बल्ल्या रोवून टाकलेल्या टिनाच्या छपराखाली उभे होते आणि बुटाला तेल लागू नये म्हणून जागा शोधत होते.

“काय देवाजी, कसं चाललंय?”

“ठीक हाय जी.”

“थोडं काम होतं. या गाडीचा तेलाचा प्लग गळतो आहे. मालक चारच्या गाडीनं दुर्गला उतरतात, मला त्यांना आणायला जायचं आहे. तेवढा पाहून दे.”

“तुमच्या गॅरेजात तं सात मिस्त्री हाय.”

“ते कामात आहेत.”

देवाजीनं हातातला पाना खाली ठेवला. जमिनीवर पालथा पडून त्यानं गाडीखाली नजर टाकली. तेलाचे थेंब एकामागून एक पडत होते. प्लग तिरपा घुसला होता, त्याच्या कडा पान्यानं गोल झाल्या होत्या आणि बाजूनं साबण थापला होता. साबणाच्या आतून सुतळीचं टोक लोंबत होतं.

देवाजीनं ते टोक बोटानं चाचपलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता. 

“कोनं केलं हे?”

“असेल कोणी हेल्पर.”

“नाव काय त्या हेल्परचं?”

श्यामराव चिडले. “नावाशी काय करायचं तुला? काम होतं का ते सांग.”

“होते. आटे गेले. तेलाचा चेंबर अल्युमिनियमचा हाय, त्याले जोर सोसत न्हाई. मोठा टॅप मारून नवे आटे पाडा लागते, मंग मोठा प्लग. ट्रकचा एक हाय मायापाशी. तीन घंट्याचं काम.”

“मग लाग ना कामाला.”

“मी न्हाई करत.”

श्यामरावांना वाटलं हा भाव वाढवतो आहे. “मागशील ते देतो.”

“ते न्हाई जी.” देवाजीनं हात पुसले. “तुमीच लिहून देल्लं होतं ना, याच्या हाताचा भरवसा न्हाई, याले कोन्याच गाडीले हात लावू देऊ नये. इंग्रजीत होतं. हाफिसातल्या बाबूनं मले वाचून दाखवलं. मंग मालकाच्या गाडीले मी हात कसा लावू? उद्या पुन्हा तेल सांडलं तं?”

श्यामरावांनी इकडंतिकडं पाहिलं. चाकाचं काम करून घ्यायला आलेला ट्रकचा ड्रायव्हर बाबुलाल तोंडात विडी धरून ऐकत होता. अठ्ठावन्न साली ती जीप तोच चालवत होता. त्यालाही तेव्हा महिनाभर घरी बसावं लागलं होतं.

“हत्यारं मायी,” देवाजी म्हणाला. “हात तुमचे. मी सांगतो, तुमी करा. फोरमन हाय तुमी. तुमाले काय जड हाय?”

श्यामराव गाडीकडे वळले, दारावर हात ठेवला, पण बसले नाहीत. दुसऱ्या गॅरेजात गेले असते तर संध्याकाळपर्यंत गोष्ट ठेकेदाराच्या कानावर गेली असती. स्वतःच्या गॅरेजात तर उलगडाच झाला असता की कालच्या सुट्टीत, मालक नसताना, गाडीचं तेल स्वतः बदलायची हौस कोणाला आली होती. घड्याळात सव्वादहा होत होते.

त्यांनी कोट काढला.

देवाजीनं जॅक लावून गाडी उचलली. पलीकडच्या बाजूनं, श्यामरावांना दिसणार नाही असे, सालईच्या लाकडाचे दोन जाड ओंडके चाकाआड गाडीला आधाराला सरकवले. बाबुलालनं ते पाहिलं, देवाजीकडे पाहिलं, आणि विडीचा झुरका घेतला. अलीकडच्या बाजूला फक्त जॅक दिसत होता.

“जा आत.”

पांढरी पँट काळ्या जमिनीवर घसरत आत गेली. उरलेलं तेल पातेल्यात काढताना निम्मं श्यामरावांच्या बाहीत उतरलं. देवाजीनं आधी भोक रॉकेलनं पुसायला लावलं. मग आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरून तो आत दिला.

“ग्रीस कावून?” बाबुलालनं मोठ्यानं विचारलं. त्याला ठाऊक होतं.

“फोरमनसाहेब सांगतीन,” देवाजी म्हणाला.

गाडीखाली टॅप भोकाच्या कडेला घासल्याचा आवाज आला.

“चुरा ग्रीसले चिकटते, इंजिनात जात न्हाई,” देवाजीनं सांगितलं. “सरळ धरा. उभा. उभा म्हनतो ना! तिरपा गेला तं चेंबरच फेका लागीन.”

एव्हाना गल्लीत बातमी झाली होती. स्टँडवरचे दोन ड्रायव्हर आले, सायकलवाला शामसुंदर आला, समोरच्या हॉटेलातून शेषराव फडकं खांद्यावर टाकून आला. शेषराव त्याच ठेकेदाराच्या गोदामात पूर्वी कारकून होता. सगळे उकिडवे बसून गाडीखाली पाहू लागले.

“अर्धा फेरा पुढं. आता पाव फेरा मांगं. टक् आवाज आला का? न्हाई आला? मंग चुरा तुटला न्हाई. पुन्हा.”

 दोनदा टॅप तिरपा झाला, दोनदा देवाजीनं बाहेर काढायला लावला, काटकोन पाहायचा गुण्या देऊन पुन्हा सरळ करवला. फोरमनला टॅप धरता येत नाही, हे लपण्यासारखं राहिलं नाही. शेषराव हळूच म्हणाला, “अरे, याले तं काहीच येत न्हाई.” त्यानं ते कुजबुजत म्हटलं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. गाडीखालच्या माणसालाही.

देवाजीला ते ऐकून इतकं बरं वाटलं की त्यानं जरा वेळ डोळे मिटले.

बाराच्या सुमारास मैनाबाई जेवणाचा डबा घेऊन आली. गाडीखालचे पाय पाहून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

“कोन हाय?”

“श्यामरावजी.”

तिनं डबा खाली ठेवला. आतून आवाज आला, “जरा पाणी मिळेल का?”

मैनाबाईनं माठातून गडू भरला, खाली वाकली आणि वाकड्या मनगटाचा हात गाडीखाली घातला. गडू तिच्या हातात तिरपा होत होता, पाणी श्यामरावांच्या छातीवर सांडलं. त्यांनी गडू धरला, हाताकडे पाहिलं, आणि विचारलं, “काय झालं हाताला?”

“तुमाले माहीत न्हाई का जी?” मैनाबाई म्हणाली. “तुमच्याच कागदानं झालं.”

आणि ती उठून टिनामागच्या चुलीशी गेली. प्लगखाली बसणारं चकतीसारखं तांब्याचं वायसर लाल करून पाण्यात टाकायचं होतं, म्हणजे ते मऊ होऊन नीट बसतं. ते काम देवाजीनं तिच्यावर सोपवलं.

टॅप पुन्हा फिरू लागला. आता देवाजी जॅकच्या दांड्याजवळ जाऊन उभा राहिला. मुद्दाम नव्हे, आधी तरी. पण थोड्या वेळानं टॅपचा आवाज थांबला आणि त्याच्या ध्यानात आलं की श्यामराव आतून त्याच्या पायांकडे पाहत आहेत. त्यांना ओंडके दिसत नव्हते. त्यांना जॅक दिसत होता आणि त्याच्या दांड्याला टेकलेला देवाजीचा पाय.

देवाजीनं पाय काढला नाही.

“देवाजी,” श्यामरावांचा आवाज बसला होता. “जरा बाजूला हो ना.”

“कावून?”

“उगाच धक्का लागेल.”

“लागीन तं लागीन. तीन वर्सं मीबी असाच दबून राहिलो.”

 रेल्वेच्या कुंपणापलीकडून एक मालगाडी निघाली होती, डबे एकामागून एक खडखडत जात होते.

“तो प्लग मीच आवळला होता,” श्यामराव म्हणाले.

“काय म्हनलं जी? मालगाडी चालून राहिली.”

“जीपचा. प्लग मी आवळला होता.”

“आयकू न्हाई आलं यायले. बाबुलालले सांगा. त्याचा बी महिन्याचा पगार गेला.”

मालगाडी संपली. एकदम शांत झालं.

“जीपचा प्लग मी आवळला,” श्यामराव ओरडले. “आटे माझ्या हातून गेले. सुतळी मीच लावली. देवाजीची चूक नव्हती. झालं आता? होशील बाजूला?”

बाबुलाल उठून उभा राहिला. “साले,” तो एवढंच म्हणाला आणि पलीकडच्या ओंडक्यावर लाथ मारली. “ये देख. लकडी लगी है. देवाजी तेरे जैसा नहीं है.”

श्यामरावांनी मान वळवली. ओंडके पाहिले. मग त्यांनी डोक्याखालच्या चिंधीवर डोकं टेकलं आणि हात डोळ्यांवर आडवा घेतला. देवाजीला वाटलं ते रडत असावेत. त्यानं वाकून पाहिलं नाही, पण उठायलाही सांगितलं नाही.

“दोन नंबरचा टॅप घ्या,” तो म्हणाला. “येक वाजला.”

अडीच वाजता आटे पुरे झाले. चेंबरमधून थोडं तेल ओतून उरलासुरला चुरा धुवून काढला. ट्रकचा प्लग हातानं शेवटपर्यंत सहज गेला, वायसर बसलं. श्यामरावांनी पाना लावला, तसं देवाजी म्हणाला, “बस. इथंच थांबा. पाइप न्हाई लावाचा.” बघे हसले. नवं तेल भरलं, इंजिन दहा मिनिटं चालवलं. एक थेंबही गळला नाही. गाडी निघून गेली तेव्हा सीटवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, कारण त्या पँटीनं मालकाची सीट खराब झाली असती.

चार दिवसांनी ठेकेदार स्वतः त्याच गाडीतून आला. गोष्ट त्याच्या कानावर पोचली होती. त्यानं देवाजीला प्लग दाखवून विचारलं, हे काम कोणाचं.

“तुमच्या फोरमनचं जी. माया समोर केलं. काम चांगलं हाय.”

मग ठेकेदारानं बाकीचं विचारलं, आणि देवाजीनं सगळं सांगितलं. जीप, सुतळी, रिपोर्ट, सेक्टर सहाचा पाड. एक शब्द कमी केला नाही, एक वाढवला नाही. शेषराव आणि बाबुलाल बाजूला उभे होते, त्यांनी मान हलवली. ठेकेदारानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, फोरमनच्या जागेवर तू ये.

“मी इथं बरा हाय,” देवाजी म्हणाला. “तो रिपोर्ट तेवढा फाडा. अन् श्यामरावजीले काढू नका. मिस्त्र्याच्या हाताखाली ठेवा. आता त्याले आटे पाडता येते.”

ठेकेदाराला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. मैनाबाईला तसं वाटलं नाही. गाडी गेल्यावर ती खुदकन हसली. पुष्कळ दिवसांनी.

श्यामराव चार महिने हेल्पर म्हणून राहिले. नागपूरला दुसरी जागा मिळेपर्यंत त्यांना राहणं भागच होतं. पहिल्या महिन्यात देवाजी सायकल काढून दोनदा त्या गॅरेजावरून गेला. दोन्ही वेळा श्यामराव निळ्या कपड्यांत रॉकेलनं नट धूत बसलेले दिसले. दुसऱ्या वेळी त्यांनी वर पाहिलं, आणि देवाजीनं सायकल आणखी हळू केली.

तिसऱ्यांदा जायचं होतं. पण त्या दिवशी दुर्गहून दोन ट्रक आले आणि संध्याकाळपर्यंत काम आटोपलं नाही. मग ते जाणं राहूनच गेलं.