चार बोटं ढिली चेन

त्या दिवशी, दिवस मावळता मावळता, मी गाडीची चेन पुन्हा चार बोटं ढिली केली आणि सगळी मेंढरं घरी आली.

वरचं वाक्य वाचलं असेल तर वाचलं नाही असं धरा. तसं काही घडलेलं नाही. चेन टाइट आहे. आमच्या मायनं, म्हणजे रतनबाईनं, तुम्हाला भर बाजारात अडवून विचारलं तरी टाइटच आहे. आता पहिल्यापासून सांगतो.

आमची वस्ती पाटोद्याहून जरा आत, माळावर. वस्तीवर मेंढरं, चार-दोन शेळ्या, एक कुत्रं आणि आबांची मोटरसायकल. आबा म्हणजे माझे वडील, बंकट. मोटरसायकल माझ्यापेक्षा लहान आहे, पण घरात मान तिला जास्त. मला ताप आला की आबा म्हणायचे, "झोप, उतरंल." गाडी ठसकली की आबांना जेवण जायचं नाही.

बाजाराच्या आदला दिवस चेनचा. आबा गाडी मधल्या स्टँडवर घ्यायचे आणि तिच्यासमोर उकिडवे बसायचे. मी मागचं चाक हातानं हळूहळू फिरवायचो. चेनच्या कव्हरचा खालचा अर्धा भाग केव्हाच गळून पडलेला, त्यात कोंबड्या दाणे टिपायच्या. त्यामुळं चेन उघडीच. आबा ती खालून बोटांनी उचलून बघायचे. मधोमध चार बोटं ढिली पाहिजे, हा त्यांचा नियम.

"चारच का, आबा?"

"हाताला चारच हाईत. अंगठा वायला."

एवढ्या शास्त्रावर आमची गाडी चालायची.

मग तेल. मायच्या खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीत करडीचं तेल भरलेलं असायचं. आबांचं म्हणणं, जे माणसाला पचतं ते लोखंडालाही पचतं. थेंब थेंब तेल पडायचं, मी चाक फिरवायचो आणि करडी, तापलेलं लोखंड, धूळ अन् लेंड्या यांचा मिळून एक वास सुटायचा. तो वास बाटलीत भरून कुणी विकायला काढला तर पहिलं गिऱ्हाईक मी असेन. दुसरं बहुतेक सापडणार नाही.

एका वर्षी एका कोकराची आई मेली. कोकरू घरात वाढलं. डोळ्यांभोवती काळी गोल कडी, चष्मा घातल्यासारखी, म्हणून मायनं तिचं नाव ठेवलं मास्तरीण. मास्तरणीला दुधापेक्षा चेन आवडली. तेल घालून झालं रे झालं की ती यायची आणि चेन चाटायला लागायची. मी हाकलायला गेलो तर आबा म्हणाले, "चाटू दे. जादाचं तेल निघतंय."

चेनला तेल दिल्यावर जादाचं पुसून घ्यायचं असतं, हे मला पुढं कळलं. आमच्याकडं ते खातं मास्तरणीकडं होतं.

मास्तरीण मोठी झाली आणि कळपाच्या म्होरं चालायला लागली. मेंढरांचं तुम्हाला माहीत असेल, म्होरली जिकडं तिकडं सगळी. आणि म्होरली चालायची चेनच्या आवाजामागं. ढिली चेन वरच्या कव्हरला आपटायची: खट-खर्र, खट-खर्र. आबा संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याला यायचे, पहिल्या गिअरमध्ये एक फेरी मारायचे. वर मास्तरीण मान उचलायची. मग टेकडीच खाली यायला लागल्यासारखं दिसायचं.

घरीही तेच. ओढ्याच्या वळणावर खट-खर्र ऐकू आलं की माय तवा चुलीवर ठेवायची, मी पुस्तक उलटं का असेना पण उघडायचो, कुत्रं उठून बसायचं. एका ढिल्या चेनवर आमचं अख्खं घर वेळेवर चालायचं. पुण्यात कंपनीत असताना मला फारशी कशाची आठवण यायची नाही. फक्त संध्याकाळी कान उगीच ओढ्याकडं लागायचे. तिथं ओढा नव्हता, गटार होतं.

यंदा मी कंपनी सोडून परत आलो आणि आबांनी पाय मोडून घेतला. गाडीवरून नाही. बाजेवरून. एवढी वर्षं माळरानावर गाडी हाणणारा माणूस झोपेत कूस बदलताना पडला. पायाला प्लास्टर घालून त्याच बाजेवर त्यांना परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सोम्या, हा पाय काय आता टेकडी चढत न्हाई. बाजारादिशी धर्मराज व्यापारी यायलाय. कळप देऊन टाकावा म्हणतो."

"आणि मी कशाला आलोय?"

"तू पुण्यात खोकी चिकटवीत होतास. मेंढरं कशाला येतील तुझ्या मागं?"

"येतील की."

"आली तर ठिवू. एका सांजंला जरी आली न्हाईत, तर धर्मराज."

मला कळप जायला नको होता. मेंढरांशिवाय आमची वस्ती म्हणजे नुसता एक ओढा आणि एक बाज.

पहिले काही दिवस झकास गेले. मी आबांची गाडी घ्यायचो, टेकडीखाली खट-खर्र करायचो, मास्तरीण मान उचलायची आणि सगळी खाली. मी घरी येऊन मिशीला पीळ द्यायचो. मिशी अजून तेवढी नाही, पण द्यायचो.

मग बाजाराच्या आदल्या दिवशी मायला घेऊन पाटोद्याला निघालो. मेंढरांजवळ चुलती सुंदरबाईला बसवलं. उतारावर चेन उतरली. बसवली. पुढच्या उतारावर पुन्हा उतरली आणि गाडी अशी हिसडली की माय बाभळीजवळ जाऊन बसली. तिनं आधी पदर सावरला, मग मला.

"ही चेन हाय का पोराच्या चड्डीची नाडी? सारखी सुटायलीय! आज टाइट करून आण, न्हाईतर मी जलमात ह्या गाडीवर बसायची न्हाई. घे माझी शपथ."

शपथ घेतली. माय किराणा आणायला गेली, मी नाथाच्या दुकानात. नाथा माझा वर्गमित्र, आता मेस्त्री. त्यानं चेनवर बोट फिरवलं आणि नाकाला लावलं.

"हे काय लावलंय बे?"

"करडी."

"मग मोहरी का टाकली न्हाई?"

"नाथा, नीट कर."

"मी न्हाई करत. तू कर, मी बघतो. असलं पाप दुसऱ्यानं धुवायचं नसतंय."

तो चहा पीत बसला आणि मी धुतली. रॉकेल आणि ब्रश घेऊन आबांची सगळी वर्षं त्या चेनवरून खरवडून काढली. खालून मळाबरोबर लोकरीचे दोन केसही निघाले. ते मी पुडीत बांधून खिशात टाकले, का ते विचारू नका. नाथानं चाक फिरवून एकेक कडी वाकतीय का ते बघायला लावलं, चक्राचे दात झिजलेत का ते बघायला लावलं. मग मागच्या चाकाचा नट ढिला करून दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवत चाक मागं ओढायला लावलं.

"दोन बोटं. बास. चार बोटं चेन असती व्हय? झोका हाय तो." मग गिअरचं जाड तेल दिलं. "आतल्या बाजूनं घाल. अन् फडक्यानं पूस."

फडक्यानं पुसताना मला चुकल्यासारखं झालं. ते दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं.

गाडी मग अशी गुपचूप चालायला लागली, जशी कुणाच्या रानातून काही उचलून निघालीय. माय मागं बसून खूश. "आता कशी गाडी माणसात आली!"

मायला घरी सोडून टेकडीवर गेलो तर सुंदरबाई दचकून उठली. "मेल्या, भुतावानी आलास की! आवाज न्हाई काई न्हाई." ती घरी गेली. मी तिच्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. मोटरसायकलच्या बाबतीत चुलत्यांचं ऐकायचं नाही, असं माझं धोरण होतं.

दिवस कलला. मी पायथ्याला आलो, पहिला गिअर टाकला, एक फेरी मारली. वर सगळी चरत होती. दुसरी फेरी मारली. मास्तरणीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. उशिरा आलेल्या पोराला वर्गात घेत नाहीत तसं.

मी हाका मारल्या. जीभ वळवून आबांसारखं हुर्र केलं. मग कुणी बघत नाही ना हे बघून तोंडानं खट-खर्र, खट-खर्र केलं. एक शेळी आली. ती शेळी कशालाही येते.

मग सकाळपासून तशीच राहिलेली शिदोरी काढली आणि शेंगदाण्याच्या चटणीवरचं करडीचं तेल बोटानं चेनला लावलं. वास गेला असावा, कारण मास्तरीण खाली आली. चेन हुंगली, शिंकली, माझ्या हातातली भाकरी खाल्ली आणि वर निघून गेली.

उजेड कमी व्हायला लागला. आमच्या माळावर लांडगा आहे आणि त्याला धर्मराजसारखं बाजारादिवशीपर्यंत थांबायची सवय नाही. मी आबांना फोन लावला.

"आबा, मेंढरं खाली येईनात."

मला वाटलं, आता धर्मराजचं नाव घेतात.

"चेनला हात लावलास का बे?"

"मायनं शपथ घातली."

"फोन इस्पीकरवर टाक." टाकला. मोबाईल टेकडीच्या दिशेनं उंच धरला आणि आमच्या आबांनी, प्लास्टरमध्ये, बाजेवर पडून, जोरात सुरू केलं, "खट-खर्र! खट-खर्र!" मागून मायचा आवाज आला, "अहो, डोस्क्यावर पडला व्हतात का पायावर?"

मास्तरणीनं कान हलवला, पण आली नाही. बरोबरच आहे. तिला असल आणि नक्कल कळते.

मग मी डिक्कीतला पाना काढला. पुढचं तुम्ही वाचलेलं नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. नट फिरला, चाक सरकलं आणि चेन खाली लोंबली. मी खालून हात घातला. बोटं आपोआप चारच गेली. अंगठा वायला.

पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली. खट. खर्र. खट-खर्र.

वर मास्तरणीनं मान उचलली आणि टेकडी खाली यायला लागली.

घराकडं जाताना मी मागं बघितलं नाही. आबाही बघायचे नाहीत. नुसता खुरांचा आवाज आणि पुढं चेन. ओढ्याच्या वळणावर आमचं कुत्रं उठून बसलेलं दिसलं.

वस्तीवर काय झालं ते मायनं नंतर सांगितलं. आबा ओरडून दमले आणि भिंतीकडं तोंड करून पडले, तोच त्यांचा डोळा लागला होता. वळणावर खट-खर्र वाजलं तसे ते झोपेतच म्हणाले, "रतन, तवा ठिव. आलो मी."

माय म्हणाली, "तुमी तर हितंच हाय."

आबांनी डोळे उघडले, प्लास्टरकडं बघितलं, दाराकडं बघितलं. आवाज जवळ येत होता. "हां," म्हणाले. "मग त्यो दुसरा हाय. पण तवा ठिव."

दुसऱ्या दिवशी धर्मराज आला, चहा प्याला, मास्तरणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोकळ्या हातानं गेला. तेव्हापासून माय मागं बसायची असते तेव्हा चेन दोन बोटं असते. संध्याकाळी मी एकटा टेकडीकडं जातो, तेव्हा पाना खिशात असतो. मायला आवाज येतो. ती तवा ठेवते आणि चेनबद्दल काही विचारत नाही. शपथ तिची आहे, मोडायचीही तिनंच.

तरी मेहेरबान तलाठी साहेबांना नम्र विनंती, की सदर आवाजाची नोंद आमच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्यात यावी. वहिवाटदार म्हणून माझं, म्हणजे सोमेश्वर बंकट याचं नाव लावावं. मालक म्हणून आबांचंच नाव राहू द्यावं आणि त्यापुढचा वारस नोंदीचा रकाना शासनातर्फे कायमचा कोरा ठेवण्यात यावा.