झुकतं माप

कुसगावातल्या चिक्कीच्या कारखान्यात रुमाईसा वजनं तपासायची, आणि तिची अम्मी खुर्शीदा तिथेच बारा बायकांबरोबर हाताने पाकिटं भरायची. आईचं काम लेकीने तोलायचं! पण पोटापुढे कोणाचं चालतं?

पाकीट दोनशे ग्रॅमचं. मालक गोरखशेठनी सांगून ठेवलं होतं, "सरासरी दोनशे तीनच्या वर गेली की हातभरणी बंद. मशीन आणतो." रुमाईसाने आठ पाकिटं तोलली. सरासरी आली दोनशे सहा. पण आठांच्या जिवावर हजारोंची सरासरी कशी सांगणार? तिने आकडेमोड केली : पंच्याण्णव टक्के खात्रीने सांगायचं, तर खरी सरासरी दोनशे एक ते दोनशे अकरा. हा एवढा रुंद पट्टा.

"शेठ, दोनशे तीन यात बसतंय, म्हणजे खरी सरासरी त्याच्या खालीही असू शकते. आत्ताच काही सांगता येत नाही."

"मग अजून तीस तोल," शेठ म्हणाले. "आणि बायकांना कळू देऊ नकोस."

नमुना वाढला की पट्टा आवळत जातो, हे तिने कॉलेजात हौसेने पाठ केलं होतं. आवळता आवळता तो खाली सरकावा, एवढीच आता वेडी आशा होती.

दुसऱ्या दिवशी तिने तीस पाकिटं तोलली. सरासरी दोनशे आठ, पट्टा दोनशे सहा ते दोनशे दहा. पळवाट उरली नाही.

जेवणाच्या सुट्टीत अम्मी हसत जवळ येऊन बसली. "तू तोलनार हायेस, आमाला कळलं व्हतं. मी समद्यांना म्हनलं, पोरीच्या काट्यावर एकबी पाकीट कमी भराय नको. कालपासनं परत्येकात बारीक तुकडा जास्तीचा टाकलाय."

रुमाईसाने उचललेला घास परत डब्यात ठेवला. बायकांच्या लेखी वजन तपासायचं ते कमी भरलंय का, हे बघायला. जास्त दिल्याचीही शिक्षा असते, हे या बायकांच्या गावीही नव्हतं. शेठना खरं सांगावं, तर अम्मीने मोजणीत हात घातला म्हणून आजच घरी. गप्प बसावं, तर मशीन. इकडे आड, तिकडे विहीर. तिला अम्मीचा भयंकर राग आला, आणि काल रात्रभर शेजारी झोपून तोंड न उघडल्याबद्दल स्वतःचा त्याहून जास्त.

"काय गं, भरलं का एखादं कमी?" अम्मीचा चेहरा उतरला.

"एकपण नाही, अम्मी."

"मग शेठला सांग की! माजं नाव घिऊन सांग."