वाळूचे नियम

निझव्यात सिराजला ड्रायव्हर कमी आणि उस्ताद जास्त म्हणत. वाळूत गाडी रुतली की लोक आधी अल्लाला आणि मग सिराजला हाक मारतात, असं तो स्वतःच सांगायचा, आणि त्यात फार खोटं नव्हतं. वीसेक वर्षं ओमानभर सामान पोचवून त्याने आपले नियम बसवले होते. टायरमधली हवा निम्मी करायची. उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाही. वेग मोडू द्यायचा नाही. आणि टेकाडावर एका वेळी एकच गाडी घालायची. पुढची सुखरूप उतरली की ती हॉर्न देते, मग मागचीने निघायचं.

हे नियम झैनला तोंडपाठ होते. झैन म्हणजे सिराजच्या बहिणीचा, खुदेजाचा मुलगा, आणि वर्षभरापासून त्याच्या मुलीचा, तूबाचा नवरा. भाचा तोच, जावई तोच. रत्नागिरीहून त्याला आणून सिराजने आपल्याच अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, पिकअपवर लावलं. पहिल्याच महिन्यात झैन एकदा ‘पण मामू’ म्हणाला, तेव्हा सिराजने त्याला भर उन्हात एकट्याने गाडी वाळूतून उपसायला लावली. तेव्हापासून झैनच्या तोंडून ‘पण’ गेला तो गेलाच. मुलाला वळण लावावं तर असं, म्हणून सिराज चार लोकांत मिशीवर ताव द्यायचा.

दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत जबल शम्सवर बर्फ पडला. अर्धं निझवा तो बघायला डोंगरावर धावलं. लोक गाडीच्या बॉनेटवर बर्फाचा ढीग रचून घरी पोरांना दाखवायला आणत होते. या गर्दीत वरच्या कॅम्पमधला गॅस, पाणी, खुबूसच्या रोट्या सगळं संपलं, आणि अर्बाबने सिराज आणि झैनला दोन पिकअप भरून पाठवलं.

दुपारच्या उन्हात रस्त्यावर नुसता गाळ झाला होता. हवा कमी केलेल्या टायरांवर दोन्ही गाड्या कुरकुर न करता वर चढल्या.

“बघितलंस?” सिराज म्हणाला. “बर्फ म्हणजे ओली वाळू. बाकी काय नाय.”

“जी मामू.”

सामान उतरवून रिकामे सिलिंडर गाडीत चढवेपर्यंत असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली आणि ऊन शिखराआड गेलं. कॅम्पचा आचारी गुरुदत्त कुडाळचा. तो बादली घेऊन मोरीतून बाहेर आला आणि बादलीसकट घसरत थेट गाडीपाशीच पोचला.

“सिराजभाई, आज हयच रवा,” कंबर चोळत तो म्हणाला. “ऊन गेला. रस्तो काचेसारखो झालो हा.”

“तू तुझी कढई सांभाळ, बाबा. रस्ता मी बघतो.”

झैन रस्त्याकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. सिराजने ते पाहिलं. ‘काय रे?’ एवढे दोन शब्द विचारायला काही पैसे पडत नव्हते. पण कुडाळच्या आचाऱ्यापुढे आणि जावयापुढे एकदम माघार घ्यायची म्हणजे उस्तादकीला बट्टा. तो गाडीत बसला.

मोठ्या उताराच्या माथ्यावर त्याने गाडी थांबवली. मागे झैनने गाडी थांबवून बंद केली. सिराजने उतरून त्याच्या खिडकीशी उजळणी घेतली.

“मी खाली जातो. हॉर्न ऐकलास की यायचं. ब्रेक?”

“नाय लावायचा.”

“स्पीड?”

“नाय मोडायचा, मामू.”

“शाबास.”

अर्धा उतार ठीक गेला. वळणावर, डोंगराच्या सावलीत, गाडीचा आणि त्याचा संबंधच सुटला. स्टीअरिंग हातात फिरत होतं आणि पिकअप आपल्या मनाने चालली होती, जशी वाळूत कधीही चालली नव्हती. एका अंगाला दरी होती. गाडी गर्रकन फिरली, रिकामे सिलिंडर दणाणले, आणि तोंड डोंगरावर आदळून ती आडवी थांबली. सिराजची छाती स्टीअरिंगवर आपटली आणि हॉर्न लांबलचक वाजला.

वाचलो, अल्हम्दुलिल्ला, असं तो पुटपुटला. मग त्याला हॉर्न आठवला.

पिकअपने सगळा रस्ता अडवला होता. वरून येणारी गाडी हिच्यावर तरी आदळणार, नाहीतर दरीत जाणार. फोनला रेंज नव्हती. पुन्हा हॉर्न द्यावा तर त्याचाही अर्थ एकच, की ये. ‘येऊ नकोस’ यासाठी त्याने कधी काही खूणच ठरवली नव्हती.

तो वर निघाला. पाऊल टाकलं की पडत होता, म्हणून हातापायांवर रांगू लागला. छातीत कळ येत होती. तेवढ्यात वरून आवाज आला: घर्र, घर्र, घर्र, आणि बंद. झैन स्टार्टर मारत होता. थंडीने पिकअपची बॅटरी मंदावली होती. थोड्या वेळाने पुन्हा घर्र. सिराज ओरडला, तर वाऱ्याने आवाज खालच्या खाली नेला.

या अल्ला, तो रांगता रांगता म्हणत होता, आज एवढं एकदा त्या पोराला माझं ऐकू देऊ नकोस. त्याला दिसतंय सगळं. त्याला बसू दे तिथंच. पोराचा जो ‘पण’ त्याने उन्हात घाम गाळायला लावून काढला होता, तो आता त्याला भीक मागून हवा होता.

इंजिन सुरू झालं. सिराज माथ्यावर पोचला तेव्हा दिवे लागले होते आणि चाकं फिरायला लागली होती. समोर उभं राहायची त्याची छाती झाली नाही. तो बाजूने दारावर पडला, खिडकीतून हात घालून त्याने किल्ली फिरवली आणि हँडब्रेक ओढला. माथ्यावरची जागा सपाट होती. गाडी थांबली.

झैन घाबरून त्याच्याकडे बघत होता. “माफ करा, मामू. हॉर्न लगेच ऐकला मी. गाडीच चालू होत नव्हती. आत्ता झाली, निघालोच होतो.”

“रस्ता बघितलास?”

“बघितला.”

“काय दिसला?”

“सगळी काच.”

“मग निघालास कशाला?”

या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे, तेच झैनला कळेना. “तुम्ही हॉर्न दिलात ना,” तो म्हणाला.

सिराज दाराला टेकून खाली रस्त्यावरच बसला. त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती आणि त्याला रडू येत होतं.

“मामू,” झैनने वरून हळूच विचारलं, “आता काय करायचा?”

“मला ठाऊक नाय,” सिराज म्हणाला. “मघाशी पण नव्हता. तू सांग.”

मामू पुढे काही सांगेल म्हणून झैन वाट बघत राहिला. मग स्टीअरिंग सोडून त्याने बंद गाडीची किल्ली काढली आणि खिशात घातली.