काळ्या जॅकेटवरचं चित्र मी छापलं

मित्रांनो, मी एक जुना हीट प्रेस आहे. 'जुना' असं मी स्वतः म्हटलं तर चालतं. दुसऱ्या कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तुमच्या टी-शर्टवर नावं असतात, चित्रं असतात, ती कागदावरून कापडावर उतरवायचं काम माझं. मला दोन पाट आहेत. वरचा तापतो, खालच्यावर कापड अंथरतात. समोरचा लांब दांडा खाली ओढला की वरचा पाट खालच्यावर घट्ट बसतो. डोक्यावर एक गोल फिरकी आहे, ती फिरवून दाब कमी-जास्त करायचा. बस्स, एवढाच माझा संसार.

माझा जन्म कारखान्यातला. तिथला नुसता ठणठणाट आठवतो. खोक्यातून बाहेर आलो तो थेट ताईंच्या दुकानात. दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. ताईंना तेव्हा यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सुरुवातीलाच त्यांनी पांढऱ्या कापडासाठीचा पातळ कागद काळ्या शर्टावर लावला. तो कागद पारदर्शक असतो, त्यामुळे काळ्यावर चित्र पार गडप झालं! ताई शर्ट उजेडात धरून चित्र शोधत राहिल्या. मग हळूहळू शिकल्या. गडद कापडाला जाड कागद घ्यायचा, कारण त्याच्या चित्राखाली पांढरा थर असतो. कागद ठरला की दाब बघायचा. माझ्या चारही कोपऱ्यांत कागदाची एकेक पट्टी ठेवायची, दांडा ओढायचा आणि पट्टी खेचून बघायची. पट्टी सहज निसटली तर दाब कमी. चित्र पहिल्याच धुण्यात सोलून निघणार. चारही पट्ट्या धरून बसल्या की बिनधास्त छापायचं.

"हा माझा उजवा हात आहे," असं ताई गिऱ्हाइकांना सांगायच्या. मला कॉलर नाही, पण असती तर नक्की ताठ झाली असती.

आणि मग एक दिवस लाडोबा आला.

त्याचं खरं नाव मी सांगणार नाही. तोही हीट प्रेसच, पण नवा कोरा. बटण दाबलं की आपोआप मिटतो, काम झालं की टुंटुं वाजतो आणि आपोआप उघडतो. पुढे चकचकीत पडदा, त्यावर हिरवे आकडे. त्याला आणलं ताईंच्या दिराने. या दिराला सगळी गल्ली भाऊजीच म्हणते. भाऊजी दिवसभर त्याच्याभोवती पिंगा घालायचे. त्याच्या पडद्यावर धूळ बसू नये म्हणून मऊ रुमाल. माझ्या डोक्यावर मात्र चहाचा कप! तोही गरम! मला कोपऱ्यात ढकललं, पाटावर चिंध्यांचं बोचकं ठेवलं. रोज सकाळी लाडोबा टुंटुं वाजला की माझा जळफळाट व्हायचा. हो, मी जळत होतो. खोटं कशाला बोलू? हा कधी एकदा तोंडघशी पडतो, याचीच मी वाट बघत होतो.

समोरच्या दुकानात शिंपीकाका बसतात. त्यांची नजर अधू झाली होती, सुईत दोरा ओवायलाही दुसऱ्याला हाक मारावी लागे. त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली होती. तिच्यासाठी काकांनी जाड काळ्या कापडाचं जॅकेट शिवलं. आता यापुढे काही शिवणं नाही, हे त्यांनीच सांगितलं. ते जॅकेट आणि एक जुनं चित्र घेऊन ते सकाळी आमच्याकडे आले. चित्र लेकीनं लहानपणी काढलेलं. शिलाई मशीनवर वाकलेले काका, आणि कान सुपाएवढे!

"हे पाठीवर येईल का हो?" काका म्हणाले. "दुपारी निघतेय ती. तिला माहीत नाही अजून."

"येईल म्हणजे काय! पळेल!" भाऊजी म्हणाले.

कागद त्यांनी बरोबर निवडला, जाडच घेतला. प्रिंटरवर त्यावर चित्राची नक्कल काढली, ती कडेनं कापली, मागचा कागद सोलला, चित्र पाठीवर बेतानं ठेवलं, वर बटर पेपर घातला. सगळं अगदी शहाण्यासारखं. पण जॅकेटच्या पाठीवर मधोमध जाड शिवण होती, आणि ती भाऊजींच्या लक्षातच आली नाही. पडद्यावर दाबाचा हिरवा आकडा दिसला, तेवढ्यावर ते खूश. पट्टी लावून बघायची तसदी कोण घेतो? लाडोबा दिमाखात मिटला, टुंटुं वाजला, उघडला.

बटर पेपर काढला आणि भाऊजींचा चेहरा पडला. शिवणीवर चित्र घट्ट बसलं होतं, पण दोन्ही बाजूंनी सुटत होतं. शिवणीमुळे पाट अधांतरी राहिला, कडेला दाब पोचलाच नाही. काकांचा डावा कान वर उचलला गेला होता.

मित्रांनो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी जिरली! आता कळेल सगळ्यांना!

काकांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी चित्रावरून बोटं फिरवली आणि सुटलेल्या कडेपाशी थांबले. "असू दे," ते हळूच म्हणाले. "राहू दे तसंच. दुसरं शिवायला आता..." चष्मा काढून उगाच पुसत बसले.

माझ्या उकळ्या तिथल्या तिथे थंड झाल्या. मला लाडोबाची फजिती हवी होती. काकांची नव्हे हो!

"मी दाब वाढवतो, वहिनी," भाऊजी घाईघाईनं म्हणाले.

"नको! शिवणीचा वळ उठेल चित्रात." ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या होत्या. "आणि याचा दाब मला हाताला कळत नाही. ते बोचकं उचला बघू त्याच्यावरचं."

त्याच्यावरचं म्हणजे माझ्यावरचं! ताईंनी बोचक्यातूनच फ्लॅनेलचे तुकडे काढले. त्यांच्या घड्या घालून जॅकेटच्या आत दोन गाद्या सरकवल्या, शिवणीच्या दोन्ही बाजूंना, मध्ये शिवणीपुरती फट ठेवून. आता सगळी पाठ एका उंचीला आली. मग पट्ट्या लावल्या. एक निसटली. ताईंनी माझी फिरकी जराशी फिरवली. पुन्हा खेचून बघितलं. अजून जराशी. आता चारही पट्ट्या धरून बसल्या. मी तापलो. वर बटर पेपर आला, ताईंनी दोन्ही हातांनी दांडा ओढला, आणि मी जीव खाऊन दाबलं. आयुष्यात इतकं मन लावून मी काही दाबलं नव्हतं.

गार झाल्यावर ताईंनी कागद काढला. काकांची बोटं पुन्हा फिरली, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. कुठे अडली नाहीत.

दुपारी लेक जॅकेट घालून दारात आली. आधी हसली, मग काकांच्या गळ्यात पडून रडली. काका भाऊजींचा हात धरून लाडोबाजवळ गेले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय झकास मशीन आणलंत हो! जुन्याला नसतं जमलं हे."

लाडोबा! अहो, लाडोबाच्या पाठीवर! तो निर्लज्ज गप्प उभा. ताईंनी माझ्याकडे बघितलं, हसल्या, पण काही बोलल्या नाहीत. काकांचा आनंद मोडायचा नव्हता त्यांना. भाऊजींनी पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवलेला कप मात्र त्यांनी उचलला. तो परत आलेला नाही.

मित्रांनो, माझं एक ऐका. काळ्या जॅकेटवर मोठ्या कानांचे शिंपीकाका घेऊन फिरणारी मुलगी तुम्हाला कुठे भेटली, तर तिला सांगा. ते जॅकेट उलटं करून गार पाण्यात धुवायचं. पिळायचं नाही. चित्रावर इस्त्री तर अजिबात फिरवायची नाही. तसं दुसरं आता कुणी शिवणार नाही. एवढं जपलं तर ते पुष्कळ वर्षं टिकेल.

आणि छापलं कुणी असं तिनं विचारलं, तर माझं नाव सांगा. त्याचं नको.